सी. डी. देशमुखांच्या सहीची नोट : छपाईची चूक कोणती, हातचलाखी कोणती?

पुसद : जुन्या घरातली ट्रंक आवरायला काढली की सात-बारा, जन्मपत्रिका आणि पिवळ्या पडलेल्या पावत्यांच्या तळाशी कधी कधी एखादी जुनी नोट निघते. तिच्यावर इंग्रज राजाचे चित्र असते आणि खाली इंग्रजी अक्षरांत सी. डी. देशमुख यांची सही. घरातला तरुण मोबाइलवर तिचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो आणि तासाभरात तीन उत्तरे येतात. एक जण म्हणतो ही लाखाची, दुसरा म्हणतो ही खोटी. तिसरा म्हणतो, क्रमांक वाकडा छापला आहे, म्हणजे दुर्मीळ चुकीची नोट.

यातले खरे काय, हे ठरवायला आधी ती सही कोणाची आणि तिच्या काळात नोटांच्या बाबतीत काय काय घडले, हे माहीत हवे. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्या कामाची पहिली जवळपास १९ वर्षे आपल्याच मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गेली, हे मात्र विदर्भातही फारसे कोणाला आठवत नाही.

नाते गावापासून केंब्रिजपर्यंत

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ वकिली करीत, आईचे नाव भागीरथीबाई. १९१२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. संस्कृतची ही ओढ पुढे आयुष्यभर राहिली.

पुढचे शिक्षण केंब्रिजच्या जीझस कॉलेजात झाले. विषय अर्थशास्त्र नव्हता, निसर्गविज्ञान होते. वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले आणि १९२० मध्ये मायदेशी परतून नोकरीत रुजू झाले.

वऱ्हाडचा अधिकारी

त्यांना प्रांत मिळाला तो मध्य प्रांत आणि वऱ्हाड. राजधानी नागपूर. यवतमाळ जिल्हा आणि त्यातला पुसद तालुका याच प्रांतात होता. देशमुखांनी तिथे डेप्युटी कमिशनर, म्हणजे आजच्या भाषेत जिल्हाधिकारी, म्हणून काम केले. जमाबंदी अधिकारी म्हणून शेतसाऱ्याची मोजदाद केली आणि पुढे महसूल व वित्त खात्यांचे सचिवपद सांभाळले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही ते होते.

त्या काळात पुसदच्या माणसाला पैशाचे दोन प्रकार माहीत होते. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचे राज्य. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचे किंवा हदगाव, हिंगोलीकडे व्यवहार करायचा, तर तिकडे हाली सिक्का चालायचा. ब्रिटिशांच्या रुपयाला लोक कलदार म्हणत. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार, असा हिशेब होता. हैदराबाद संस्थानाने १९१८ पासून स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या होत्या. म्हणून या भागातल्या जुन्या पेटीत कधी उर्दू मजकुराची, अनोळखी दिसणारी नोट निघाली, तर ती लगेच खोटी किंवा चुकीची समजू नये. ती निजामाच्या राज्यातली असू शकते.

युद्धाच्या काळात रिझर्व्ह बँकेत

रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये सुरू झाली. तिची स्वतःची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये आली. ती पाच रुपयांची होती, तिच्यावर सहाव्या जॉर्जचे चित्र आणि गव्हर्नर जेम्स टेलर यांची सही होती. जुलै १९३९ मध्ये देशमुख बँकेत आले. आधी सरकार आणि बँक यांच्यातला दुवा म्हणून, मग केंद्रीय मंडळाचे सचिव आणि १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर म्हणून. फेब्रुवारी १९४३ मध्ये टेलर यांचे निधन झाले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख गव्हर्नर झाले. तेव्हापासून ३० जून १९४९ पर्यंत ते त्या पदावर होते.

काळ कठीण होता. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, म्हणून ऑगस्ट १९४० मध्ये एक रुपयाची कागदी नोट पुन्हा काढावी लागली. मार्च १९४३ मध्ये दोन रुपयांची नोट आली. त्यातच जपान्यांनी भारतीय नोटांच्या उत्तम दर्जाच्या नकला तयार केल्या. नकला इतक्या चांगल्या होत्या की नोटेचे जलचिन्ह बदलावे लागले. आधी राजाचा चेहरा बाजूने दिसायचा, तो आता समोरून दिसू लागला. भारतीय नोटेत सुरक्षा धागाही पहिल्यांदा याच निमित्ताने आला.

आजच्या वाचकासाठी यात मोठा धडा आहे. दोन जुन्या नोटांवरचा राजा वेगळ्या बाजूला पाहतो किंवा एकीत धागा आहे आणि दुसरीत नाही, म्हणून कोणतीही एक नोट चुकीची ठरत नाही. हा मुद्दाम केलेला बदल होता.

सही म्हणजे नोटेचा जन्मदाखला

रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर छपाईचे वर्ष नियमितपणे टाकणे सुरू झाले ते २००५ पासून. त्याआधीच्या नोटेचा काळ ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे गव्हर्नरची सही. देशमुखांची सही असेल तर नोट १९४३ नंतरची. त्यांच्या सहीच्या दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा संग्राहकांकडे आढळतात.

देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, तरी राजाच्या चित्राच्या नोटा १९५० पर्यंत चालू राहिल्या, कारण नव्या नोटांची रचना ठरायला वेळ लागला. स्वतंत्र भारत, भारतीय गव्हर्नर आणि इंग्रज राजा हे तिन्ही एकाच नोटेवर म्हणजे घोळ नव्हे, तो इतिहास आहे.

आणखी एक गोष्ट. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते. तिच्यावर गव्हर्नरची नव्हे, अर्थसचिवाची सही असते. एकच्या नोटेवर गव्हर्नरची सही नाही म्हणून तिला चुकीची नोट म्हणून विकणारा एक तर अजाण असतो किंवा लबाड.

नोटाबंदी आणि फाळणी

१२ जानेवारी १९४६ रोजी सरकारने वटहुकूम काढून ५००, १,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या. युद्धकाळातला काळा पैसा बाहेर काढणे हा हेतू होता. निर्णय सरकारचा होता, अंमलबजावणी देशमुखांच्या बँकेला करावी लागली.

त्याहून अवघड काम फाळणीनंतर आले. नव्या पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. त्यामुळे काही महिने दोन्ही देशांचे चलन रिझर्व्ह बँकच पाहत होती. एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानसाठी भारतीय नोटांवरच इंग्रजी आणि उर्दूत पाकिस्तान सरकार असा मजकूर घेऊन नोटा काढण्यात आल्या. १ जुलै १९४८ रोजी पाकिस्तानची स्टेट बँक सुरू झाली आणि ही जबाबदारी संपली. ब्रह्मदेशासाठीही भारतीय नोटांवर वेगळा मजकूर छापून त्या तिकडे वापरल्या जात होत्या.

अशा नोटा संग्राहकांत चढ्या भावाने जातात आणि म्हणूनच इथे हातचलाखी होते. साधी राजाची नोट घ्यायची, तिच्यावर रबरी शिक्क्याने दोन ओळी उमटवायच्या आणि दुर्मीळ म्हणून विकायची. ही लबाडी ओळखण्याची युक्ती जवळजवळ सगळ्या नोटांना लागू पडते. प्रश्न एकच विचारायचा : आधी काय झाले आणि नंतर काय?

समजून घ्या : चूक की खाडाखोड?

छपाईची खरी चूक नोट छापखान्यातून बाहेर पडण्याआधी होते. खाडाखोड नंतर होते. म्हणजे खऱ्या चुकीवरून नोटेचे पुढचे सगळे आयुष्य गेलेले असते, मळ, घड्या, टाचणीची भोके, सगळे. खाडाखोड मात्र या सगळ्याच्या वर बसलेली असते. भिंग, खिडकीतला उजेड आणि थोडा धीर एवढ्यावर बरेच कळते.

१. घडी आणि शाई : जुनी नोट जिथे दुमडली जाते तिथे शाई तुटते आणि कागदाचा पांढरा धागा दिसतो. मजकूर मुळातला असेल तर तोही घडीवर तुटलेला दिसेल. नंतर मारलेल्या शिक्क्याची शाई मात्र घडीच्या खाचेत उतरते, कडेने पसरते आणि मळाच्या वर दिसते.

२. दुमडून छापलेला कागद : छापताना कागदाला चुणी पडली तर ती चुणी उघडल्यावर मधे कोरी पट्टी दिसते आणि चित्र पट्टीच्या दोन्ही बाजूंना जिथे थांबले तिथून पुढे चालू होते. कापताना कोपरा दुमडलेला राहिला तर नोटेला जादा कागदाचा कान राहतो. हा कान एकाच अखंड कागदाचा असतो. उजेडासमोर धरल्यावर जोड, डिंकाची सावली किंवा कागदाची दुहेरी जाडी दिसली, तर तो चिकटवलेला आहे.

३. चुकीची कापणी : नोटा मोठ्या तावावर एकत्र छापतात आणि मग कापतात. कापणी सरकली तर एका बाजूला आपल्या नोटेचा भाग जातो आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या नोटेचा तेवढाच भाग येतो. नुसती एक बाजू कमी असेल आणि दुसरीकडे काहीच जादा नसेल, तर ती बहुधा घरी कात्रीने कापलेली नोट आहे. आकार मोजून पाहा.

४. क्रमांक : क्रमांक फिरत्या चाकांच्या यंत्राने वेगळ्या टप्प्यात छापतात. एखादे चाक अडकले तर नोटेवरच्या दोन जागी दोन वेगळे क्रमांक येऊ शकतात. पण अंकांची घडण, शाई आणि दाब दोन्हीकडे सारखाच असतो. तीनचा आठ केलेला किंवा ७८६ जुळवण्यासाठी खरवडलेला अंक उजेडासमोर धरला की तिथला कागद पातळ दिसतो, तंतू उठलेले असतात आणि खालची बारीक नक्षी पुसट झालेली असते.

५. उलटी छाप : ओल्या शाईचा ताव दुसऱ्या तावाला लागला की एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूवर उमटते. अशी छाप आरशातल्यासारखी उलटी असते. ती सुलटी, सहज वाचता येणारी असेल तर शंका घ्या.

६. गायब रंग किंवा चित्र : एखादा टप्पा चुकला तर त्या टप्प्याची शाई जाते, इतर टप्प्यांची छपाई मात्र ठणठणीत राहते. रसायनाने किंवा खोडरबराने चित्र घालवले असेल तर त्या जागी पार्श्वभूमीच्या बारीक रेषाही फिक्या पडतात, कडा धूसर होतात आणि कागद खडबडीत लागतो. उन्हात पडून किंवा कपड्यांसोबत धुऊन रंग उडालेली नोट ही चुकीची नोट नव्हे.

जुन्या नोटांना डाव्या बाजूला टाचणीची भोके असणे अगदी सामान्य आहे. पूर्वी बँकेत नोटांच्या गड्ड्या तारेने टाचत असत. २००१ च्या सुमारास रिझर्व्ह बँकेने ही पद्धत बंद करायला लावली. त्यामुळे भोके नसलेली कोरी करकरीत नोट दिसली तर आनंद मानावा, पण भोके असलेली नोट बाद समजू नये.

अर्थमंत्री देशमुख आणि रुपयाचे अनेकवचन

गव्हर्नरपद सोडल्यावर देशमुख १९५० मध्ये नियोजन आयोगाचे सदस्य आणि त्याच वर्षी केंद्रीय अर्थमंत्री झाले. त्याआधी, गव्हर्नर असतानाच १९४४ मध्ये ते ब्रेटन वूड्स परिषदेतल्या भारतीय शिष्टमंडळात होते. याच परिषदेतून जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी उभे राहिले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात नोटाही बदलत होत्या. राजा गेला आणि सारनाथचा अशोकस्तंभ आला. १९५३ मध्ये नोटांवर हिंदी ठळकपणे छापली जाऊ लागली. तेव्हा हिंदीत रुपयाचे अनेकवचन काय करायचे, रुपया की रुपये, यावर वाद झाला आणि कौल रुपयेच्या बाजूने लागला. जुन्या नोटेवर वेगळे रूप दिसले तर ती मुद्रणाची चूक नाही, आधीची आवृत्ती आहे. १९५४ मध्ये १,००० आणि १०,००० च्या नोटा पुन्हा आल्या, सोबत ५,००० ची नवी नोट आली. त्या १९७८ मध्ये पुन्हा रद्द झाल्या. दशमान पद्धतीच्या नाण्यांचा कायदा १९५५ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे सुरू झाले. आणे-पै तिथून मागे पडले.

१ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. आज पुसदमध्ये ज्यांच्याकडे स्टेट बँकेचे खाते किंवा एलआयसीची पॉलिसी आहे, त्यांच्या घरात देशमुखांच्या निर्णयाचा एक कागद आहे.

मुंबईसाठी राजीनामा

राज्य पुनर्रचनेत मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित ठेवण्याचा विचार पुढे आला. देशमुखांना तो मान्य नव्हता. लोकांना विचारात न घेता निर्णय होत आहे आणि आंदोलकांवरच्या गोळीबाराची चौकशी होत नाही, हे त्यांना खटकले. जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पंतप्रधान नेहरूंशी त्यांचा स्नेह होता. १९५३ मध्ये दुर्गाबाईंशी त्यांचा नोंदणी विवाह झाला तेव्हा नेहरू साक्षीदार होते. तरीही त्यांनी खुर्ची सोडली.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला पुसदसह विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. ज्या प्रांतात देशमुखांनी नोकरीची सुरुवात केली तो मराठी मुलूख आणि ज्या शहरासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले ते शहर, अखेर एकाच राज्यात आले.

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. १९७५ मध्ये त्यांना आणि दुर्गाबाईंना पद्मविभूषण मिळाले. आकड्यांच्या या माणसाने कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत अनुवादही केला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले.

आज तुमच्या हाती अशी नोट आली तर

छपाईच्या चुका आजही होतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये घाईत छापलेल्या ५०० च्या काही नोटांत दोष राहिल्याचे रिझर्व्ह बँकेने मान्य केले होते. जानेवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या हाती गांधीजींचे चित्र नसलेल्या २,००० च्या नोटा आल्या. त्या खोट्या नव्हत्या, सदोष होत्या. बँकेने त्या परत घेतल्या.

- सदोष नोट चालवायची नसेल तर बँकेच्या शाखेत दाखवा. फाटक्या आणि सदोष नोटा बदलून देण्याचे नियम आहेत.
- क्रमांकात तारा आहे म्हणून नोट खोटी नसते. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी घातलेली ती खरी नोट असते. ही पद्धत २००६ पासून आहे.
- नोट बनावट निघाली तर बँक ती जप्त करते, तिच्यावर शिक्का मारते आणि पोच देते. पैसे मिळत नाहीत. एका व्यवहारात पाच किंवा अधिक बनावट नोटा निघाल्या तर पोलिसांत गुन्हा नोंदवला जातो. पोच जरूर मागून घ्या.
- खोटी नोट आहे हे कळल्यावर ती पुढे खपवणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेतील १७८ ते १८२ ही कलमे याबाबत आहेत.
- रद्द झालेल्या ५०० आणि १,००० च्या नोटा दहापेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास वा संग्रहासाठी ही मर्यादा २५ आहे.
- जुन्या नोटेचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असा फोन आला तर थांबा. रिझर्व्ह बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीत नसते आणि त्यासाठी शुल्क घेत नाही. तसा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे.

आणि ट्रंकेतली ती देशमुखांची नोट? तिला इस्त्री करू नका, धुऊ नका, चिकटपट्टी लावू नका. साफ करण्याच्या नादात चांगली नोट खाडाखोड केलेल्या नोटेसारखी दिसू लागते आणि मग जाणकारही हात लावत नाही. जाड कागदी पाकिटात सपाट ठेवा. विकायचीच असेल तर नुसता फोटो पाठवून भाव ठरवू नका. नोट प्रत्यक्ष दाखवा, दोन जाणकारांना दाखवा आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारा : यात आधी काय झाले आणि नंतर काय?